गंगापूर धरणातली लाजरी होडी

गेल्या रविवारी सकाळी गंगापूर धरणात आम्ही एक शिडाची होडी सोडली... आम्ही म्हणजे मी (शाळेत संस्कृत शिकवणारा शास्त्री), माझे साडू विलासराव आणि मेहुणी सुनंदा. तिघांपैकी एकालाही पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. प्रत्येकाच्या कमरेला टायरची ट्यूब होती.

होडी साधी नाही, कॅटामरान. दोन लांबट, निमुळत्या होड्या शेजारी ठेवायच्या, मधे पाइप टाकायचे, पाइपांवर जाळी ताणायची आणि माणसांनी त्या जाळीवर बसायचं. होड्यांमध्ये बसायला जागाच नसते, त्या सगळीकडून बंद! मग त्यांना होडी का म्हणायचं, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला होता... अजून अनुत्तरित आहे.

नाशिकच्या माणसाने अशी वस्तू का घ्यावी? तर विलासराव सातपूरच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. पार्ट हातात घ्यायचा, बोटं फिरवायची... पास किंवा रिजेक्ट. कारखाना बंद झाला आणि यांनी स्वतःलाच रिजेक्ट करून टाकलं. सहा महिने खिडकीशी बसून. दाढीसुद्धा सुनंदाने आठवण केली तर.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांना ओढून कोकणात नेलं. तिथे एका रिसॉर्टच्या मागे ही पडली होती... वादळाने खडकांवर आपटलेली, शीड फाटलेलं, अंग खरवडलेलं. विलासराव तिच्यापाशी उकिडवे बसले आणि नुसते हात फिरवत राहिले. अर्ध्या तासाने म्हणाले, "विकणार का, विचारा जरा."

मी हसणार होतो. सुनंदाने बाही ओढली. "भावोजी, हसू नका. सहा महिन्यांत पहिल्यांदा ह्यांना काहीतरी हवंसं वाटलंय."

विचारलं. मालक इतक्या आनंदाने हो म्हणाला की मला तिथेच शंका यायला हवी होती.

टेम्पोत घालायला ती सुटी करावी लागली. परत जोडताना घोळ नको म्हणून मी लाल रंगाने एकीवर 'डावी' आणि दुसरीवर 'उजवी' असं लिहिलं, सुवाच्य देवनागरीत. दोघींना हळदकुंकू वाहून वरुणाची प्रार्थनाही म्हणायला घेतली, पण तिसऱ्या ओळीला टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. वरुणाने तेवढ्यावर भागवलं असावं.

मग दोन महिने सातपूरला, फायबरच्या टाक्या करणाऱ्या एका शेडमध्ये डागडुजी चालली. विलासराव रोज डबा घेऊन जायला लागले. दाढी आपोआप व्हायला लागली... सुनंदा फोनवर हे मला अगदी हळू आवाजात सांगायची, मोठ्याने बोललं तर मोडेल अशा बेताने.

तर रविवार. माझ्या खुणा बघून होडी जोडली, शीड चढवलं, वारा आला... आणि होडी सरळ जायचं सोडून आडवी निघाली. खेकड्यासारखी. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर ती आम्हाला काठावरच्या बाभळीत घेऊन गेली. मला काहीच कळेना. शीड उलटं लागलं? वारा चुकीचा? वरुणाला अर्धी प्रार्थना खटकली?

काठावर शेळ्या राखणारे एक बाबा सगळं शांतपणे बघत होते. म्हणाले, "मास्तर, नाव लय लाजरी हाय तुमची. समोर बघतच नाय."

विलासराव दगडावर जाऊन बसले. "टेम्पो बोलवा. माझं डोकं आता कामाचं राहिलेलं नाही." सुनंदा मान खाली घालून शिडाची दोरी सोडायला लागली. तिचा तो चेहरा मी सहा महिने बघितला होता... धीराचं एखादं सुभाषित आठवायला लागलो. सुदैवाने वेळेवर आठवलं नाही.

सवयीने विलासरावांचा हात शेजारच्या होडीवर गेला. बोटं फिरली. थांबली. परत फिरली.

"शास्त्रीबुवा, ही ठिगळं आतल्या बाजूला कशी?"

"म्हणजे?"

"वादळात ही खडकावर घासली ना? मग ठिगळं बाहेरून पाहिजेत. खडक काय दोघींच्या मधे शिरला होता?" ते उठून उभे राहिले. "खुणा करताना तुम्ही कुठे उभे होतात?"

"समोर. देवापुढे उभं राहतात तसा."

"आणि डावी म्हणजे कोणाची डावी?"

"...माझी."

"अहो, आमच्या कारखान्यात गाडीचं डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवरून ठरतं! तुम्ही लिहिलंत म्हणून मी तपासलं नाही. चोवीस वर्षांत न तपासता पास केलेला हा पहिला पार्ट."

आता काय सांगू... नारायणाच्या डावीकडे लक्ष्मी म्हणजे मूर्तीच्या डावीकडे, बघणाऱ्याच्या नव्हे, हे मी वीस वर्षं वर्गात मुलांना फळ्यावर चित्र काढून समजावतो आहे. सुनंदा इतकी हसली की तिची ट्यूब निसटली.

अदलाबदल करायला दोन तास लागले. प्रत्येक होडीचं एक अंग सपाट, एक फुगीर असतं आणि तीच सगळी गोम आहे, असं विलासराव समजावत होते. मी मान हलवत होतो. मला ते अजूनही कळलेलं नाही.

मग विलासराव आणि सुनंदा, दोघं जाळीवर बसली आणि होडी निघाली. सरळ... पार मध्यापर्यंत. तिथून वळवायचं कसं हे कोणीच शिकलं नव्हतं, त्यामुळे शेवटी एका मासेमाराने दोर लावून ओढत आणलं, तो भाग वेगळा.

काठावर आल्यावर विलासरावांनी तोच लाल रंग मागितला. माझे दोन्ही सुवाच्य शब्द खोडले, अदलाबदल करून लिहिले आणि खाली कारखान्यात करायचे तशी बरोबरची खूण करून सही ठोकली. त्या सहीचा फोटो काढला आहे, रोल धुऊन आला की इथे टाकतो.

स्वतःची चूक निघाली म्हणून इतका आनंद मला यापूर्वी कधी झाला नव्हता.