खुशीचे मासे आणि वाट्याचे मासे

गोंडपिपरीच्या ज्युनियर कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. निदान पगार त्यासाठी मिळतो. अकरावीच्या धड्यात एकदा ‘अपोर्शन’ हे क्रियापद आलं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं की सर, गाइडमध्ये याचा अर्थ ‘वाटून देणे’ दिलाय आणि ‘डिस्ट्रिब्यूट’चाही तोच दिलाय, मग दोन शब्द कशाला? प्रश्न चांगला होता. चांगला प्रश्न आला की मी आधी खडू शोधतो.

खडू सापडल्यावर समजावलं. रेशन दुकानात रांगेत उभं करून सगळ्यांना तांदूळ देतात ते डिस्ट्रिब्यूट. एक भाकर मोडून दोघांनी खाल्ली की डिव्हाइड. आपल्या ताटातलं काढून दुसऱ्याला दिलं की शेअर. अपोर्शन म्हणजे समोर जे आहे त्याचे भाग ठरवायचे आणि ज्याचा जेवढा हक्क बसतो तेवढा त्याच्या नावावर लावायचा. भाग सारखे असतीलच असं नाही, पण दिलेला भाग ही मेहरबानी नसते. शब्द इस्त्रीचा आहे, कचेरीत घालायचा, घरात नाही. मग वाक्यं करून आणा म्हटलं. एकीनं लिहिलं की आईनं वांग्याची भाजी आम्हा भावंडांत अपोर्शन केली. भाजीला एवढा जड शब्द लागत नाही, असा शेरा मी लाल पेनानं मारला. तिची आई काही मी पाहिलेली नव्हती.

हे क्रियापद दोषाबरोबर फार येतं, हेही सांगितलं. काही बिघडलं की त्यात कोणाची किती चूक, हे ठरवायलाही इंग्रजीत हाच शब्द चालतो. वर्गानं ते मुकाट लिहून घेतलं. मला मात्र घरचं आठवलं आणि तास संपायला वेळ असूनही मी हजेरी घ्यायला लागलो.

त्या आधीच्या पावसाळ्यात माझा मोठा भाऊ काविळीनं गेला होता. आमचं घर तळ्यावर जगणारं. मी शिकून बाहेर पडलो, भाऊ पाण्यातच राहिला. त्याच्या तेरवीला पंगती उठायच्या आत दोषाची वाटणी होऊन गेली. काकूचं म्हणणं, वहिनीनं त्याला झाडपाल्याचं औषध देणाऱ्या मुळीवाल्याकडे नेलं म्हणून चंद्रपूरला न्यायला उशीर झाला. मुळीवाला सुचवला होता काकूनंच, पण ते त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही. भाऊ स्वतःच दवाखान्याचं नाव काढू देत नव्हता, पण गेलेल्या माणसाला कोणी बोलत नाही. मलाही कोणी बोललं नाही, कारण मी मास्तर, आणि मास्तरकडून पुढं अर्ज लिहून घ्यायचे असतात. असं करत करत सगळा दोष वहिनीच्या पदरात पडला. तेव्हा ती पंगतीत भात वाढत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

आमच्या गावचं तळं उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचं काम लागायच्या आधी, एकदा जाळी लावून पूर्ण ओढतात. तळ्यावरच्या घरांतले सगळे पुरुष पाण्यात उतरतात. निघालेले मासे पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, ताडपत्री टाकून तिच्यावर ओततात आणि जितकी माणसं पाण्यात उतरली तितके वाटे पाडतात. वर एक वाटा जास्तीचा, तो नाव घेणाऱ्याचा. हे नाव घेण्याचं काम माझ्या मोठेबाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे आहे. ते एकटे राहतात आणि गुडघ्यांमुळे आता पाण्यात उतरत नाहीत. ते वाट्यांकडे पाठ करून उभे राहतात. म्होरक्या एकेका वाट्यापाशी काठी टेकवून ‘हा कोनाचा’ म्हणून विचारतो. मोठेबाबा मागं न बघता मनाला येईल ते नाव घेतात. ज्याचं नाव आलं त्यानं ‘हाव’, म्हणजे हो, म्हणून टोपलं पुढं करायचं. मोठी मरळ कोणाच्या वाट्याला गेली आणि कोणाला नुसते झिंगेच आले, यावर मग भांडायला जागा राहत नाही. एकदा घेतलेलं नाव फिरत नाही. सगळ्यांची नावं संपल्यावर जो वाटा उरतो तो मोठेबाबांचा. स्वतःचं नाव ते घेत नाहीत.

त्या वर्षी तळं ओढायच्या आधी समाजमंदिरात बैठक झाली. भाऊ नाही, मग त्याच्या वाट्याचं काय? वाटा म्हणजे नुसतं कालवण नव्हे. वाटा असलेलं घर तळ्यावरचं घर. वाटा गेला की वहिनी इतर बायकांकडून मासे विकत घेऊन आठवडी बाजारात बसणार, आणि तिची लेक मोठी होईल तेव्हा या तळ्याशी आपलं काही नातं होतं हे तिला कोणाला तरी विचारावं लागणार. म्होरक्याचं म्हणणं साधं होतं. पाण्यात पाय नाही तर वाटा नाही. आज एका घराला दिला तर उद्या सगळेच काठावर बसून मागतील. माणूस वाईट नाही. भावाच्या मयतीला तोच सगळ्यात पुढं होता.

मी उठलो आणि वर्गात सांगितलं होतं तेच बैठकीत सांगितलं. देणं वेगळं, हक्कानं वाटणं वेगळं, भावानं आयुष्य या तळ्यात घातलं, त्याचं जाळं अजून शाबूत आहे, वगैरे. सगळ्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं. मास्तर बरोबर बोलतात, असंही दोघं-तिघं म्हणाले. मग त्यांचं आधी ठरलं होतं तेच ठरलं. वाटा नाही, पण प्रत्येकानं आपल्या टोपल्यातून ओंजळभर मासे वहिनीला खुशीनं द्यायचे. हिशेब केला तर ते वाट्याएवढेच भरले असते, कदाचित थोडे जास्तच. मोठेबाबा कोपऱ्यात तंबाखू मळत बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, याचा मला फार राग आला.

वहिनी दाराशी बायकांत बसली होती. तिला विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघून उत्तर दिलं, कारण बाकीच्यांकडे बघून ती बोलत नाही.

“भाऊजी, मले खुशीचे नाई पाह्यजे. वाट्याचे असन त द्या.”

बायकांना हा तोरा वाटला. काकू तर म्हणाली की एवढं करूनही अजून ताठा आहेच. ‘एवढं करून’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मी त्या वेळी इंग्रजीचा मास्तर नसतो तर काकूला दोन शब्द मराठीत ऐकवले असते.

तळं ओढलं त्या सकाळी मी रजा टाकून गेलो. वहिनी आली होती. टोपलं घेऊन पाळीवर बसली होती, कारण बाजारात बसायचं तर कोणाकडून तरी मासे विकत घेणं भागच होतं. वाटे पडले. मोठेबाबा तळ्याकडे पाठ करून, मोहाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. म्होरक्यानं काठी टेकवली, हा कोणाचा? नाव आलं, हाव झालं, टोपलं भरलं. दुसरा, तिसरा. एक पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. मग पुन्हा काठी टेकली आणि मोठेबाबांनी माझ्या भावाचं नाव घेतलं.

आवाज नेहमीचाच होता. म्होरक्या काठी तशीच टेकवून माझ्याकडे बघायला लागला. मी भावाचा भाऊ, पण तळ्यातला नाही. मी कोणत्या तोंडानं हाव म्हणणार? आणि घेतलेलं नाव तर फिरत नाही.

वहिनीनं लग्न झाल्यापासून भावाचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. रेशनवाला विचारायचा तेव्हाही ती लेकीला पुढं करायची. ती उठली, पुरुषांच्या मधून ताडपत्रीपर्यंत गेली, टोपलं खाली ठेवलं आणि त्या नावाला म्हणाली,

“हाव.”

म्होरक्यानं काठी बाजूला ठेवली. मग त्यानंच खाली वाकून मासे तिच्या टोपल्यात भरले. मरळ नव्हती, रोहू होते आणि बरेचसे झिंगे. मोठेबाबांनी मागं वळून बघितलं नाही. पुढच्या वाट्याला पुढचं नाव घेतलं.

नावं संपली तेव्हा ताडपत्रीवर काही उरलं नव्हतं. मोठेबाबा वळले, रिकाम्या ताडपत्रीकडे बघितलं आणि धोतर झटकून निघाले. लोकांना वाईट वाटलं. म्हाताऱ्याला आता आठवत नाही, असं जो तो हळू आवाजात म्हणाला आणि प्रत्येकानं आपल्या टोपल्यातून ओंजळभर मासे त्यांना दिले. वहिनीनंही दिले. खुशीचे मासे त्यांनी घेतले. त्यांना ते चालले.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. ते चुलीपुढं झिंगे निवडत होते. मी विचारलं की मोठेबाबा, नाव चुकून आलं की मुद्दाम घेतलं?

“चुकून निंगलं तोंडातून,” ते म्हणाले. मग एक झिंगा उजेडात धरून बघितला आणि टोपलीत टाकला. “पुढच्या वर्षीबी चुकनच. वय झालं ना बापू आता.”