अळंबीचा आहेर

गेममध्ये मी अळंबी आहे. अंगात गोणपाटाच्या रंगाचा ढगळा झगा, डोक्यावर पोळपाटाएवढी तपकिरी टोपी, टोपीवर पांढरे ठिपके, आणि एक बूट पिवळा तर दुसरा हिरवा. या ऑनलाइन गेममध्ये कपड्यांना तोटा नाही. पोरी त्यांना स्किन म्हणतात. कुणाच्या पाठीला पंख, कुणाच्या अंगावर जळतं जाकीट, कुणी सोन्याने मढलेलं. अळंबी मात्र कुणी घालत नाही. आमच्या डोकमर्डीच्या बिल्डिंगमधली शेंबडी पोरंसुद्धा तिला नाक मुरडतात. मी घालते, आणि का घालते ते सांगते.

आमचे हे गलोंड्याच्या सुताच्या कंपनीत लागले म्हणून आम्ही धुळ्याकडून सिल्वासाला आलो. मी घरी साडीला फॉल लावते, पिको करते, ब्लाउज शिवते. शिकवलं कुणी नाही. जुना ब्लाउज उसवला, कागदावर ठेवला, कापला, पुन्हा शिवला. पहिला चुकला, दुसरा जमला. गेमही मी तसाच शिकले. चौघांची टीम एका बेटावर उतरते आणि जी टीम शेवटपर्यंत टिकते ती जिंकते, एवढं नातीने सांगितलं. बाकीचं मी मरत मरत शिकले. तिच्या टीममधली एक मुलगी वडिलांची बदली झाली म्हणून रत्नागिरीला गेली, तिची जागा रिकामी होती. मी म्हटलं, मी आहे ना.

टीममध्ये नात, मी आणि खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण. चौथा माणूस डाव सुरू होताना गेम कुठून तरी आणून देतो. ही मैत्रीण गुजराती घरातली. तिची आई किलवणीला पॅकिंगच्या कामाला जाते, त्यामुळे पोरगी लहानपणापासून शाळेतून आली की आमच्याकडेच. मला बा म्हणते, त्यांच्यात आजीला बा म्हणतात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिला माझ्या नातीपेक्षा जास्त आवडते. दोघी भांडायच्या, पण ते भांडण पोळी भाजेपर्यंत टिकायचं नाही.

एकदा मात्र टिकलं. ती पोरगी वर येईना. नात शाळेतून आली की पुस्तक उघडं टाकून खिडकीत बसायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही." तिला दुसरी मैत्रीण नाही. वर्गात ती बोलत नाही, जे काही बोलायचं ते या एकीपाशी. ही गेली तर माझी पोर मुकी होईल, हे मला दिसत होतं. पण दोन पोरींच्या मध्ये तोंड घालावं असं मला वाटत नाही. मी वाट बघत होते.

अशात एका दुपारी मी माझ्या मोबाइलवर गेम उघडला तर तिथे लाल रिबिनीचा खोका. त्याच पोरीने पाठवलेला. उघडला, आत ही अळंबी. मला काय आनंद झाला. रुसली आहे तरी बाला कपडे धाडते, म्हटलं, पोरगी घरंदाज आहे. लगेच घातले. मग तिला आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "बेटा, तुझा आहेर पोचला. घडी मोडली मी. आता परतीचा आहेर न्यायला ये."

नात आली आणि मी तिला मोबाइल दाखवला. तिचा चेहरा उतरला.

"आजी, तू हे घातलंस?"

"मग? दिलंय तर घालायचं."

"अगं, हे कुणी घालायला देत नाही. चिडवायला देतात. सगळ्यात भंगार स्किन आहे ती. जो खराब खेळतो त्याला पाठवतात."

मग हळूहळू बाहेर आलं. ती पोरगी म्हणाली होती, बाला घेतलं की आपण हरतो, दुसरं कुणी घेऊ. माझी नात म्हणाली होती, आजी नसेल तर मीही नाही. तेव्हापासून अबोला. आणि वर हा खोका.

"आता काढ ते," नात म्हणाली.

"काढत नाही."

आता इथे मला साड्यांचं सांगावं लागेल. आमच्याकडे लग्नाकार्यात काही साड्या नुसत्या देण्याघेण्याच्या असतात. भडक काठ, पातळ पोत, नेसली की फुग्यासारखी फुगते. एका लग्नात मिळते, कपाटात जाते, पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत पडते. आयुष्यभर हिंडते, पण कुणाच्या अंगाला लागत नाही. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण अशी साडी माझ्याकडे फॉल लावायला कधी येत नाही. मी मात्र पहिल्यापासून एक नियम धरून आहे. माझ्या ओटीत आली की ती तिथे थांबली. मी तिला फॉल लावते, नेसते, आणि जिने दिली तिच्यासमोर नेसून जाते. नणंदेने एकदा शेवाळी रंगाची दिली होती, तिच्यावर ताटाएवढी फुलं. ती नेसून मी तिच्याच घरी हळदीकुंकवाला गेले. बाई माझ्याकडे बघेना. पुढच्या कार्याला मला दुकानात घेऊन गेली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्हीच पसंत करा."

म्हणून नातीला सांगितलं, "जिने दिलं तिने अंगावर बघितल्याशिवाय मी काढणार नाही. आपल्याकडची पद्धत आहे ती."

"गेममध्ये कसली पद्धत?"

"कपडे आहेत ना? मग पद्धत आहे."

आणि मी रोज अळंबी घालून खेळले. नात माझ्यासोबत खेळेना, तिला लाज वाटायची. मी अनोळखी लोकांत शिरायचे. एकजण माईकवर म्हणाला, "ये मशरूम आंटी कौन है भाई?" मी म्हटलं, "आंटी नहीं, दादी. तू पीछे देख, तेरे पीछे आदमी खड़ा है." खरंच होता. त्याने मागे बघेपर्यंत त्याचा निकाल लागला, पण पुढच्या डावाला त्यानेच मला बोलावलं. कपड्याला हसणारे लोक फार वेळ हसत नाहीत. हसून हसून हसणार किती? मग डाव सुरू होतो आणि ज्याला त्याला स्वतःच्या जिवाचं पडतं.

घरात नात बघत होती. शेवटी जेवताना म्हणाली, "आजी, किती दिवस घालणार आहेस?"

"ती बघेपर्यंत."

"ती कशी बघणार? ती आता आपल्या टीममध्ये नाही."

"मग बोलाव."

"मी नाही बोलावणार."

"नको बोलावू. मला हा झगा टोचत नाही."

पोरगी उठली, हात धुतले, मोबाइल घेतला. "फक्त तू ते काढावंस म्हणून," म्हणाली. बोटाने रिक्वेस्ट पाठवली आणि मोबाइल उलटा ठेवला. मी ताटं उचलली. मोबाइल वाजला तेव्हा तिने तो इतक्या झटक्यात उचलला की मी तोंड फिरवून हसून घेतलं.

खेळ सुरू व्हायच्या आधी सगळी टीम ओळीने उभी दिसते. एका बाजूला माझी नात काळ्या जाकिटात, दुसऱ्या बाजूला ती पोरगी पंखवाली, मध्ये मी अळंबी. मी माईकवर म्हटलं, "कसं दिसतंय गं? टोपी जरा मोठी आहे, पण झगा ऐसपैस आहे."

"बा," ती पोरगी म्हणाली, "तुम्ही हे खरेखर घातलं?"

"तू दिलंस ना."

"बा, मी तर चिडवायला पाठवलेलं."

"ठाऊक आहे मला. तू म्हणालीस ते खोटं नाही, मी वाट चुकते आणि माझ्यामुळे तुम्ही हरता. पण आता आहेर दिलास. त्याला परतीचा आहेर द्यावा लागतो, नाहीतर माझी मान खाली जाते." मग नातीला म्हटलं, "हिने दिलाय त्याच तोलाचा शोध. मला त्या दुकानातलं कळत नाही."

नातीने दुकान उघडलं. आधी गुपचूप शोधत होती. मग तिला एक ड्रेस सापडला आणि तिच्या नाकातून हसू फुटलं. अंगभर मच्छरदाणीसारखी जाळी, डोक्यावर निळी बादली उपडी, बादलीला डोळ्यांपुरती दोन भोकं.

"हा पाठवू?" तिने मला विचारलं, पण माईक चालूच होता.

"कोणता? ए, कोणता पाठवतेस?" पलीकडून आवाज. "बादली नको हं. यार, बादली नको."

"आजी, तिला बादली नको आहे."

"आहेर निवडून मागतात का कुठे? पाठव."

गेला. "घडी मोड," मी म्हटलं. आणि पोरीने पंख उतरवून बादली चढवली. मग दोघी जे हसायला लागल्या त्यात डाव कधी सुरू झाला ते कळलंच नाही. बेटावर उतरल्या उतरल्या आम्ही मेलो. माझ्याआधी त्या दोघी मेल्या, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

"तुझ्यामुळे," नात म्हणाली.

"माझ्यामुळे? मला बादलीतून काय दिसतंय?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती पोरगी वर आली. सरळ ओट्याशी गेली आणि डब्यात भाकरी आहे का बघायला लागली. होती. मी सकाळीच एक जास्त थापली होती.

झगा आता मी काढू शकते, देणारीने बघितला आहे. पण मला तो पसंत पडलाय. दोघी बदलायला सांगतात. मी बदलत नाही. उलट परवा त्या पोरीने माझ्या नातीलाही एक खोका पाठवला आहे, तोच लाल रिबिनीचा. नात म्हणते, आत काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे आणि मी तो उघडणार नाही. पण काल ती विचारत होती, अळंबीची टोपी दारातून आत जाताना अडकते का. मी सांगितलं, नाही अडकत.