आळसाची शिकवणी

आळस हा मेहनत करून शिकायचा विषय आहे, असं मनापासून मानणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि तो आमच्यापासून चार घरं सोडून भाड्याने राहतो. तो चिनी आहे. मध्य चीनमधल्या एका तालुक्याच्या गावात वाढला, परीक्षांवर परीक्षा देत अमेरिकेत पोचला आणि आता ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. वय तिशीच्या आसपास, जाड चष्मा, केस कायम नुकतेच कापल्यासारखे. तो बोलतो इंग्रजीत. इथे मी त्याला मराठीत बोलायला लावलं आहे. माझी बायको त्याला भाऊजी म्हणते. तिने पहिल्यांदा अशी हाक मारली तेव्हा त्याने अर्थ विचारला, आणि नवऱ्याचा भाऊ असं कळल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकला, की या पदाच्या जबाबदाऱ्या काय असतात. ती ओट्यापाशी होती, गमतीने म्हणाली, "मेनली कोथिंबीर निवडणे." तेव्हापासून हा गृहस्थ आमच्याकडे आला की बूट काढतो, हात धुतो आणि कोथिंबीर मागतो. घरात नसेल तर बिचारा कावराबावरा होतो, म्हणून आम्ही शुक्रवारीच दोन जुड्या आणून ठेवतो.

हा माणूस कामाचा वाघ आहे असं म्हटलं तर वाघाला वाईट वाटेल. वाघ निदान दिवसाचा बराच वेळ झोपतो. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देत असताना, हा थर्मासमधून गरम पाणी पितो. दुपारचं जेवण उभ्याने उरकतो, कारण त्यांच्या शाळेत जो आधी जेवेल त्याला तेवढा वेळ अभ्यासाला मिळायचा, आणि ती घाई एकदा अंगात भिनली ती भिनलीच. ऑफिसात एकदा आग लागल्याचा सराव झाला. आम्ही सगळे पार्किंगमध्ये सावली शोधत फिरत होतो, तर याने लोकांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायला सुरुवात केली. आमचा साडेसहा फुटी मॅनेजर निमूटपणे शेवटी जाऊन उभा राहिला. मागे आमची गाडी गॅरेजात होती तेव्हा काही रविवार त्याने माझ्या मुलीला मराठी शाळेत पोचवलं. घरी येऊन पुन्हा आणायला जाण्यापेक्षा तो तिथेच मागच्या बाकावर बसून राहायचा. सहामाहीला अक्षरओळखीचा पेपर होता. बाईंनी कागद वाटताना एक चुकून त्याच्यापुढेही ठेवला. कागद पुढे आला की त्याचा हात गप्प बसत नाही. निकाल लागला तेव्हा तो वर्गात तिसरा होता आणि माझी मुलगी सातवी. "बाबा, ही डझन्ट ईव्हन स्पीक मराठी," ती गाडीत रडकुंडीला येऊन म्हणाली. मी तिची समजूत घालत होतो आणि हा खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटलं, ओशाळला असेल. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "पहिले दोघं कोण?"

हे असं का, ते त्याने एकदा सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांच्या शाळेत रात्रीचा अभ्यासवर्ग दहाला सुटायचा आणि दिवे बंद व्हायचे. एक दिवस एक मुलगा घरी न जाता जिन्यातल्या दिव्याखाली वाचत बसला. पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग जिन्यात होता. हेडमास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी वर्गातले दिवे अकरापर्यंत चालू ठेवायचा हुकूम काढला. "नंबर सगळ्यांचे होते तेच राहिले," तो म्हणाला, "झोप मात्र प्रत्येकाची तासभर कमी झाली." मी त्या पहिल्या आगाऊ मुलाला दोन शिव्या दिल्या आणि तो कोण होता म्हणून विचारलं. "मीच," तो म्हणाला आणि गरम पाणी प्यायला.

तर अशा माणसाने गेल्या वर्षी मला कॉफी मशीनपाशी गाठून सांगितलं, की आपण आता आडवं पडायचं ठरवलं आहे. मला वाटलं, बरं वाटत नसेल. मी म्हटलं, मग घरी जा ना. तेव्हा कळलं की हे दुखणं नव्हे, धोरण आहे. तिकडे हल्ली पुष्कळ तरुण पोरं असंच म्हणतात म्हणे. रात्रंदिवस राबूनही नोकरीची खात्री नाही, घर परवडत नाही, लग्न जमत नाही, तर मग धावायचंच कशाला? आडवे पडा. याची सुरुवात म्हणून त्याने बढती नाकारली होती. मॅनेजरने टीमचा प्रमुख हो म्हटलं, हा नको म्हणाला. मॅनेजरला वाटलं घासाघीस चालली आहे. त्याने पगार वाढवून दिला. हा पुन्हा नको म्हणाला. मग तुला हवंय तरी काय, असं विचारल्यावर "काही नको" हे उत्तर मिळालं, आणि त्यानंतर साहेब बरेच दिवस त्याच्याशी फार जपून बोलत होते.

पण नुसतं ठरवून आडवं पडता येत नाही, कुणीतरी शिकवायला हवं, असं त्याचं मत. "तू या टीममधला सगळ्यात रिलॅक्स्ड माणूस आहेस," तो मला म्हणाला, "मी चार वर्षं निरीक्षण करतोय." आता मी नागपूरचा. मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर अंग टाकणं आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते रक्तातच असतं, तरी एवढ्या अभ्यासू माणसाने आपल्याला गुरू करावं याने मी सुखावलो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "परफेक्ट माणूस शोधलाय यार भाऊजींनी. या सब्जेक्टमध्ये तुझ्याएवढा एक्स्पीरियन्स कुणालाच नाही."

शिकवणी शनिवारी दुपारी. वरण-भात, वर तूप, आणि मग हॉलमध्ये सतरंजी. पहिल्या दिवशी तो दोन्ही हात अंगाला चिकटवून असा ताठ झोपला, की माझी मुलगी दारातूनच परत गेली. थोड्या वेळाने छताकडे बघत त्याने विचारलं, की करतोय ते बरोबर आहे का. मग विचारलं, की या वेळात विचार कशाचा करायचा. मग, की पुढची पातळी कधी येते. पुढची पातळी वगैरे काही नसते, असं मी सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. आतलं काहीतरी मी आपल्या माणसांसाठी राखून ठेवतोय असा त्याला संशय होता. त्याने फोनवर 'आराम सुरू' आणि 'आराम बंद' असे दोन गजर लावले. पोहण्याच्या तलावात नुसतं तरंगत राहा म्हणून सांगून मी खुर्चीत पेंगलो, डोळे उघडले तर हा या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता. एका सोमवारी अभिमानाने म्हणाला, की काल दिवसभर मी काहीही केलं नाही, आणि काही न करणं अधिक चांगलं कसं करावं यावर एक कोर्सही पूर्ण केला. मी जवळजवळ नाद सोडला होता. आणि मग एका शनिवारी, ताकाचा पेला हातात असतानाच, तो कलंडला. खराखुरा झोपला, तोंड उघडं टाकून. बायकोने पेला काढून घेतला, अंगावर चादर घातली, आणि आम्ही तिघं कुजबुजत वावरू लागलो. मला इतका आनंद झाला, की मी नागपूरला भावाला फोन करून सांगितलं. जाग आल्यावर त्याने प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागितली.

आडवं पडण्यात त्याची खरी अडचण होती ती आई. हा हायस्कूलला गेला तेव्हा तिने बुटांच्या कारखान्यातली नोकरी सोडली, शाळेला लागून एक खोली घेतली आणि सारी वर्षं याला रांधून वाढलं. तिकडे अशा आया इतक्या असतात, की ती सबंध गल्लीच आयांची होती. हा अभ्यास करायचा आणि ती मागे बसून स्वेटर विणायची, आपल्याला डुलकी लागू नये म्हणून. कॉलेजप्रवेशाच्या मोठ्या परीक्षेत पहिल्यांदा याचा नंबर घसरला तर ती रागावली नाही, फक्त घरमालकाला जाऊन सांगून आली की खोली आणखी एक वर्ष लागेल. आमच्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्या रविवारी सकाळी, तिचा फोन यायचा. बढती मिळाली का, घर बघितलं का, मुलगी भेटली का. मग ती बस पकडून जवळच्या शहरातल्या बागेत जायची. तिथे आईबाप छत्र्या उघडून मांडतात आणि छत्रीवर आपल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती लावतात, वय, उंची, शिक्षण, नोकरी. याच्या छत्रीवर लिहिलं होतं, 'अमेरिकेत, लवकरच मॅनेजर'. बढती नाकारल्याचं त्याने तिला सांगितलंच नव्हतं, आणि आता ती महिनाभर इथे राहायला येणार होती. "तिला सांगितलं नाही," तो मला म्हणाला, "तर मी आडवा पडलेलो नाही, नुसता लपलोय."

म्हणून आमच्या हॉलमध्ये रंगीत तालीम झाली. मी आई झालो. तो हात मागे बांधून समोर उभा राहिला, "आई, मी ती बढती" इथवर आला, मी नुसतं "हं?" केलं आणि तो म्हणाला, "मिळेल लवकरच." पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी बायको म्हणाली, "तू ऊठ, तुला आई जमत नाहीये." ती सोफ्यावर बसली. बोलली अक्षरही नाही. एक सुस्कारा सोडला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. बघता बघता भाऊजींनी बढती घेतली, घर घ्यायचं कबूल केलं आणि पीएचडीचाही विचार करतो म्हणाले. "मॉम, दॅट वॉज स्केरी," मुलगी म्हणाली. बायकोने केस सारखे केले आणि सांगितलं, की हे सगळं तुझ्या आजीकडून आलंय.

आई आली. बुटकी, ताठ, केस काळेभोर रंगवलेले, बॅगेत अर्धं सामान वाळवलेल्या अळंब्यांचं. बायको तिला मावशी म्हणू लागली आणि फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने दोघींचं छान जमलं. शनिवारी ती दोघं आमच्याकडे जेवायला आली. जेवणं झाल्यावर तो एकाएकी खुर्चीवरून उठला, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि बोलायला लागला. आम्हाला चिनीतलं ओ की ठो कळत नाही, तरी काय चाललंय ते कळत होतं. आवाज खाली होता, पण तो थांबला नाही. मावशींनी हातातली वाटी खाली ठेवली. मी आरडाओरड्याची वाट बघत होतो. त्यांनी एकच लहानसा प्रश्न विचारला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभा राहिला. आम्ही दोघं मागोमाग गेलो.

"काय म्हणाल्या रे?" मी विचारलं.

"ती विचारतेय, 'मग मी आता काय करू?'"

ती चिडली तर, रडली तर, शेजाऱ्यांच्या मुलांची नावं घेतली तर, सगळ्याची उत्तरं त्याने घोकून ठेवली होती. हा प्रश्न येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. मलाही नव्हतं वाटलं. बाहेर ती बाई हात मांडीवर ठेवून आमच्या टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत बसली होती, आणि मला तिचं फार वाईट वाटलं. बायकोने त्याला खांद्याला धरून परत बाहेर पाठवलं. तो तिच्या शेजारी बसला आणि त्याने विचारलं, असं त्याने मला नंतर सांगितलं, की मी शाळेत जायच्या आधी तुला काय करायला आवडायचं? ती म्हणाली, आठवत नाही.

दोन दिवस तिने त्याचं सगळं घर घासून काढलं, मग बाहेर जाऊन अंगणातली खडी पाण्याने धुतली. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालता घालता, मागे वळून न बघता ती म्हणाली, "सायकल." कारखान्यात होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरचा रस्ता नेईल तिथवर ती सायकल मारत जायची. कुठे पोचायचं म्हणून नाही, अशीच. त्याच संध्याकाळी त्याने दोन जुन्या सायकली आणल्या, त्याही दहा ठिकाणी चौकशी न करता, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा रजा टाकली. एका सकाळी ऑफिसला जाताना मला कालव्याकाठच्या वाटेवर ती दोघं दिसली. मावशी पुढे, पाठ ताठ, आणि हा मागे धापा टाकत. कुणीतरी आपल्या पुढे आहे आणि ते आपल्याला चालतंय, असं त्याच्या तोंडावर मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी हॉर्न वाजवणार होतो, पण नाही वाजवला.

मावशी परत गेल्या त्याला आता काही महिने झाले. तिकडे गेल्या गेल्या त्यांनी सायकल घेतली. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे असला की हा फोन लावतो, आणि पूर्वी पहिल्या रिंगला उचलणारी ती बाई आता उचलतच नाही. पुन्हा लावतो. मी म्हणतो, अरे, गेल्या असतील लांब कुठेतरी, ये, पड जरा. तो पडतो, पण फोन छातीवर ठेवून. तिकडे रस्त्यावर ट्रक फार असतात म्हणतो, हेल्मेट घालत असेल का ती, म्हणून मला विचारतो. परवा असाच पडल्या पडल्या म्हणाला, "तिला सांगितलं की ओझं उतरेल असं वाटलं होतं. उतरलं. पण आता मला कुणीच काही विचारत नाही."

बाहेर अजून ऊन होतं. फोन वाजायची वाट बघत आम्ही दोघं पडून राहिलो.