पाटीबाईंच्या मनगटावर

आमच्या वन्सं समुद्रात बुड्या मारायला शिकवतात. लग्न होऊन आले तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती. किती खोल जायचं, किती वेळ थांबायचं, हे त्या छापील तक्त्यावरून ठरवतात, प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहितात आणि पाटी कमरेला अडकवून खाली जातात. बोटीवरचे लोक त्यांना पाटीबाईच म्हणतात. त्यांची लेक चिमणी मात्र मनगटावरच्या कॉम्प्युटरवर विसंबते. खोली, वेळ, अंगात मुरलेला वायू, सगळा हिशेब तो करतो. मायलेकींची यावरून कायम जुंपलेली.

त्या दिवशी मी डबा घेऊन त्यांच्या डायव्हिंग सेंटरवर गेले होते. दुपारी चिमणी पहिल्यांदाच एकटी पाहुण्यांना बुडालेल्या जहाजापाशी नेणार होती. सकाळी ती एकदा खोल जाऊन आली होती. जेवताना तिच्या कॉम्प्युटरची बॅटरी संपली, म्हणून तिने कपाटातला दुसरा काढून बांधला.

"बघ आई, भरपूर वेळ दाखवतोय."

वन्सं हात धूत होत्या. "दाखवणारच. सकाळी तो कपाटात होता."

चिमणीचा घास हातातच राहिला. सकाळचा वायू अजून तिच्या अंगात होता आणि या कॉम्प्युटरला त्याची गंधवार्ता नव्हती. त्याच्या भरवशावर ती खाली रेंगाळली असती, तर वर येताना त्याच वायूचे बुडबुडे होऊन सांध्यांत, कण्यात अडकले असते.

"मग तुझ्या तक्त्यावरून सांग."

वन्संनी मांडून दाखवलं. जहाजाला जेमतेम हात लावून तिला परतावं लागलं असतं.

"मामी, तू सांग ना हिला."

"मला पोहतासुद्धा येत नाही. मला कुठे मध्ये घेतेस?"

चिमणीने कॉम्प्युटर सोडला आणि आईच्या मनगटावर बांधला. "आजची फेरी तूच ने. याच्यासारखीच तूही सकाळपासून कोरडी आहेस. तुमचं दोघांचं जमेल."

वन्संनी नाक मुरडलं, पण काढला नाही. तसाच बांधून त्या पाहुण्यांना घेऊन गेल्या.

खाली एक पाहुणा माशांच्या नादात ठरल्यापेक्षा खोल गेला. त्याला आणायला वन्संनाही उतरावं लागलं. पाटीवरची मिनिटं ठरलेल्या खोलीची होती, ती आता लागू नव्हती. मनगटावरची भराभर घटताना दिसली, तशी त्यांनी सगळ्यांना वेळेत वर घेतलं. टॉवेलने केस पुसत हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

चिमणी खाली मान घालून मास्क धूत होती. तिची पहिली फेरी आईच करून आली होती.

"उद्या सकाळची फेरी मी नेते," वन्सं म्हणाल्या, "जहाजाची तुझी. तोवर पाण्यात उतरायचं नाहीस."

"आणि हा कॉम्प्युटर?"

"तुझ्या जुन्यात नवी बॅटरी घाल. हा राहू दे माझ्याकडे."