संघप्रियाची गोळाफेकीची शिकवणी

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीपासून आठ किलोमीटरवरच्या एका गावात संघप्रिया उंदीरवाडे राहते. वय सत्तावीस. वडील बापूराव ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी सोडतात, आई केसरबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. संघप्रियाने दोनदा पोलीस भरती दिली. दोन्ही वेळा मैदानात ती पुढे होती, गोळाफेकीत तर पैकीच्या पैकी गुण. आणि दोन्ही वेळा लेखी परीक्षेने तिला मागे ठेवलं, दुसऱ्यांदा फक्त दोन गुणांनी.

त्या निकालानंतर महिनाभर ती घराबाहेर फारशी पडली नाही. मग एका सकाळी शाळेच्या मैदानावर दोन विटांना फोन टेकवून तिने गोळा कसा धरायचा ते दाखवलं. तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी. मानेला टेकवायचा. फेकायचा नाही, ढकलायचा. चार मिनिटांचा व्हिडिओ, वाऱ्याचा घोंघाट आणि मागे कुणाच्या तरी शेळ्या. वर तिने लिहिलं, ‘गोळाफेकीत पैकीच्या पैकी घेतलेली ताई सांगते.’ ते खरंच होतं.

सहा महिन्यांत अकराशे लोक चॅनेलला जोडले गेले. एवढ्यावर व्हिडिओवाली कंपनी काही पैसे देत नाही, हे तिला तोवर कळलं होतं. त्याच सुमारास ब्रह्मपुरीकडच्या मयुरी ठाकरे नावाच्या मुलीने लिहिलं की ती सगळं तसंच करते, तरी गोळा जवळच पडतो. सरावाचा व्हिडिओ पाठवते, पाहून चूक सांगाल काय? संघप्रियाने पाहिलं. मयुरीचं कोपर खाली पडत होतं. तिने फोन करून समजावलं, आणि पुढच्या आठवड्यात मयुरीने स्वतःच विचारलं, रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा असं शिकवायचे किती घ्याल?

संघप्रियाने अर्ध्या तासाचे दोनशे सांगितले आणि फोन ठेवल्यावर आपण हे काय बोललो म्हणून घाबरली. पण पैसे आले. व्हिडिओतून मिळालेली ती तिची पहिली कमाई. जानेवारीपर्यंत अशा पाच मुली झाल्या. त्या आपापल्या सरावाचं शूटिंग पाठवत, ती ते थांबवून थांबवून पाही आणि संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात, जिथे नेटवर्क धरतं तिथे बसून, एकेकीशी बोले.

मुली तिला मॅडम म्हणत. एकीने विचारलं, तुमची ट्रेनिंग कुठी झाली? संघप्रिया म्हणाली, गडचिरोलीत. तीही खोटी गोष्ट नव्हती. भरतीच्या आधी चार महिने तिने तिथल्या मैदानावर सराव केला होता. पण ताई पोलिसात आहे असं मुलीने त्यातून समजून घेतलं हे तिला कळलं होतं, आणि तिने ते दुरुस्त केलं नाही. तेव्हापासून फोन वाजला की आज कुणीतरी सरळ विचारील, असं तिला रोज वाटायचं.

या भरतीचा फॉर्म संघप्रियाने स्वतः भरलाच नव्हता. मैदानी चाचणीच्या तारखा लागल्या आणि मयुरीने मनगट दुखतंय म्हणून सांगितलं. संघप्रियाने तिला शेक दे आणि सराव सोडू नको, असं सांगितलं. तिच्या वेळी कुणीतरी तिला हेच सांगितलं होतं, ते बरोबर होतं की नाही हे तिने कधी तपासलं नव्हतं. पाच दिवसांनी मयुरीने फोटो पाठवला. मनगटाची सूज अंगठ्यापर्यंत चढली होती. चाचणीला बावीस दिवस उरले होते.

संघप्रियाने मयुरीचे सगळे जुने व्हिडिओ पुन्हा पाहिले. पाय, कंबर, कोपर, सगळं ठीक दिसत होतं. पानावर बसून ती उठली, जेवण गेलं नाही. आपल्यामुळे एका मुलीचा हात गेला तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. केसरबाईने दोनदा विचारल्यावर तिने सगळं सांगून टाकलं, मॅडमचंही.

“मंग जाऊन ये,” केसरबाई म्हणाली. “फोनात पाहून हात बरा होत नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती गडचिरोलीला आली, तिथून ब्रह्मपुरीची गाडी धरली. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती, आणि आरमोरीच्या पुढे वैनगंगेचा पूल आला तेव्हा जुळवलेलं सगळं विसरली होती. ब्रह्मपुरीहून पुढे जीपमध्ये दाटीवाटीने बसून ती मयुरीच्या गावात उतरली.

मयुरीची आई सुगंधाबाईने अंगण सारवून ठेवलं होतं, शेजारून खुर्ची आणली होती. पोलीस मॅडम येणार म्हणून दोन बायका ओट्यावर येऊन बसल्या होत्या. संघप्रिया खुर्चीच्या काठावर बसली. पाणी प्यायली आणि म्हणाली, गोळा दाखव.

मयुरीने डाव्या हाताने कोपऱ्यातला गोळा ढकलत आणला. संघप्रियाने तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. मुलींचा गोळा चार किलोचा असतो. हा मुलांचा होता, सात किलोच्या वरचा.

“हा कुठून आनला?”

गावातल्या एका भरती झालेल्या पोराकडून, मयुरी म्हणाली. “गोळा म्हंजे गोळाच ना, मॅडम?”

फोनच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संघप्रियाने तिला झोप विचारली होती, जेवण विचारलं होतं, बूट कोणते तेही विचारलं होतं. गोळा किती किलोचा, एवढं एकच कधी विचारलं नव्हतं. तिने तसं सांगितलं, चूक माझी आहे म्हणून. सुगंधाबाईला त्यातलं फारसं समजलं नसावं, कारण तिने पाहुणीला सावरून घ्यावं तसं विचारलं, पोलिसात नव्या मुलींले पहिली ड्यूटी कुठी देते?

“मी पोलिसात नाई, बाई,” संघप्रिया म्हणाली. “दोनदा भरती देली. दोन्हीदा लेखीत राह्यली.”

ओट्यावरची एक बाई उठून घरी गेली.

“मंग पोरीले मॅडम काऊन म्हनू देलं?” सुगंधाबाईने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“मले बरं वाटत होतं,” संघप्रिया म्हणाली.

पैसे परत करते, असंही ती म्हणाली. सुगंधाबाईने पदर खोचला आणि आधी दवाखान्यात चला म्हणाली. तिघी ब्रह्मपुरीला आल्या. हाड शाबूत होतं, शीर ताणली होती. बारा दिवस हाताने काहीही उचलायचं नाही, असं डॉक्टरने सांगितलं. संघप्रियाने तिथूनच परतीची गाडी धरली.

घरी आल्यावर संघप्रियाने मैदानावर उभं राहून एक व्हिडिओ केला. आपण भरती झालेलो नाही आणि एका मुलीला आपल्या निष्काळजीपणामुळे इजा झाली, हे दोन्ही सांगितलं. पाचातल्या दोघींनी शिकवणी सोडली. खाली लोकांनी जे लिहिलं ते तिने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं नाही.

मयुरीचा आठ दिवस फोन नव्हता. संघप्रिया दिवसभर फोन उलटा ठेवी आणि दर थोड्या वेळाने सुलटा करून पाही. नवव्या दिवशी चार शब्द आले, ‘आता मी काय करू?’ त्यात ताई नव्हतं, मॅडमही नव्हतं.

मग त्या दोघींनी गोळ्याशिवाय सराव सुरू केला. उभं कसं राहायचं, कंबर केव्हा वळवायची, मागच्या पायाने जोर कसा द्यायचा. बारा दिवस संपल्यावर संघप्रिया आपला चार किलोचा गोळा पिशवीत घालून पुन्हा त्याच रस्त्याने गेली. मयुरीने तो उचलला आणि इतका हलका असते काय, म्हणून पहिल्यांदा हसली. सुगंधाबाईने या वेळी खुर्ची मागवली नाही. चटई टाकली आणि जेवून जा म्हणाली.

चाचणीच्या दिवशी संघप्रियाने टाकीवर जाऊन वडिलांचं काम केलं, कारण घरात बसवत नव्हतं. दुपारी कळलं, गोळ्यात पंधरापैकी अकरा, धावण्यात चांगले. मयुरी लेखीला बसली आणि उन्हाळा संपता संपता तिचं नाव यादीत लागलं. फोनवर ती रडत होती, म्हणून सुगंधाबाईने फोन घेतला.

“आता तुमी अभ्यास करा,” ती म्हणाली. “गोळा तं येतेच तुमाले.”

संघप्रियाला आनंद झाला आणि आतून जळलंही. दोन्ही तिने आईला सांगितलं. केसरबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, पुढचे फॉर्म कधी निघते?

आता संघप्रियाकडे सात मुली आहेत. नव्या मुलीशी पहिल्यांदा बोलताना, पैशाचं ठरायच्याही आधी, ती आपण भरती झालेलो नाही हे सांगते. काही जणी तिथेच फोन ठेवून देतात.