तन्वीला आधी कुणी विचारलंच नव्हतं

“तुमच्या मुलीला सायकोसिस आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे कुणी नसताना आवाज ऐकू येणं, नसलेलं खरं वाटणं. त्या वेळी मी निरीक्षणगृहाच्या ऑफिसात बसले होते.

माझी तन्वी सोळा वर्षांची. कांदिवलीच्या आमच्या चाळीत तिने शेजारच्या काकूंना जिन्यावरून ढकललं. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पोलीस केस झाली आणि बाल न्याय मंडळाने तिला निरीक्षणगृहात, म्हणजे केस चालू असलेल्या मुलांना ठेवतात तिथे, पाठवलं.

त्याआधी कितीतरी महिने ती धड झोपत नव्हती. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवायची, घरचं पाणी प्यायची नाही. शाळेने उर्मट ठरवलं. सासूबाईंनी गावाहून अंगारा पाठवला. आणि काकू पडल्यावर पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, “पोरीला डोक्यावर बसवून ठेवलीय ना तुम्ही!”

निरीक्षणगृहात नव्या मुलांचं स्क्रीनिंग झालं. म्हणजे मनाचा काही आजार असावा का, हे ओळखण्यासाठी विचारलेले साधे प्रश्न. समुपदेशक मॅडमनी विचारलं, “झोप लागते का गं? जीव द्यावासा वाटतो? कुणी नसताना कुणी बोलतं?”

तन्वी म्हणाली, “तुम्हालापण ऐकू येतं?”

मग ती रडत सगळं बोलली. काकू पाण्यात विष कालवतात, असं तो आवाज तिला सांगायचा.

पुढे हॉस्पिटल. रक्त तपासलं, मेंदूचा एमआरआय झाला. बाकावर तन्वीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लेडी कॉन्स्टेबल. लोक वळून वळून बघत होते. गोळ्यांनी तिचे हात थरथरायचे, तोंडातून लाळ गळायची. एका भेटीत ती म्हणाली, “आई, तो आता हळू बोलतो.” मला रडावं की हसावं कळेना.

आता ती जामिनावर घरी आहे. केस चालू आहे. काकू वॉकर घेऊन चालतात. मी माफी मागायला गेले, तेव्हा म्हणाल्या, “आजारी होती, समजलं गं मला. पण तिला माझ्या दारात आणू नकोस.” त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

मॅडमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण माझी लेक डॉक्टरपर्यंत पोहोचली ती पोलिसांच्या गाडीतून. तुमचं मूल बदललं असेल, तर त्याला आजच दवाखान्यात न्या. रिक्षाने न्या, चालत न्या, पण तुम्ही न्या.