आईचा स्कॅन, वहिनीवरचा आळ

माझ्या आईला वाटायचं, सून तिला विष घालते.

काल सकाळी आई गेली. पेडण्याच्या घरीच, शांतपणे, त्याच सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून.

सुरुवात हुमणावरून, म्हणजे माशांच्या आमटीवरून झाली. भरल्या ताटावरून उठून आई अंगणात गेली आणि शेजारणींना ऐकू जाईल अशी ओरडली, “ही माज्या हुमणात वीख घालता!”

तोवर तिचं बाकी सगळं ठीक वाटायचं. जुन्या गोष्टी घडाघडा सांगायची, पूजा चुकत नव्हती. त्यामुळे लोकांना ते खरंच वाटलं.

शेजारणी वहिनीच्या हातचा चहा घेईनाशा झाल्या. दादाचं मांद्र्याला गेस्ट हाऊस आहे, तिथेही माणसं कुजबुजायला लागली. शेवटी वहिनीचे भाऊ तिला न्यायला सावंतवाडीहून आले.

वहिनी उंबऱ्यात उभी राहिली. “आधी काय ता खरा कळांदे. असो आळ घेवन मी माहेराक येवचंय नाय.”

मी मुंबईत लॅबमध्ये काम करते. तेव्हाही तेच करत होते. अल्झायमरमध्ये मेंदूत एक प्रथिन साचतं. त्याला जाऊन चिकटेल आणि स्कॅनमध्ये दिसेल असं रसायन बनवायचं.

बोलायला सोपं.

माझी बहुतेक कंपाउंड मेंदूत शिरतच नाहीत. शिरली तर नको तिथेही चिकटून बसतात. एकही अजून उंदरांच्या पुढे गेलेलं नाही.

पण दुसऱ्या कोणीतरी केलेलं एक तोवर हॉस्पिटलपर्यंत आलं होतं. मी दादाला फोन केला. “आईला घेऊन ये. वहिनीलाही.”

इंजेक्शन दिलं, थोडं थांबलो, स्कॅन झाला. तेवढ्यात आईने नर्सला लग्न झालंय का, तेही विचारून घेतलं.

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. जिथे रंग नको, तिथे सगळीकडे रंग होता.

लॅबमध्ये असं चित्र दिसलं की आम्ही टाळ्या वाजवतो.

“स्मरणशक्तीच्या चाचण्यांशीही जुळतंय. अल्झायमरच आहे,” डॉक्टर म्हणाले. “त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं. हा संशय आजाराचा आहे.”

वहिनी रडली. इतक्या वाईट बातमीवर इतकं मोकळं रडताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

दादा कधी आवाज चढवत नाही. घरी पोचल्यावर मात्र तो अंगणात उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “आईक मेंदवाचो आजार आसा. माज्या बायलेन कायच करूंक ना. आयकलां सगळ्यांनी?”

आई त्यानंतरही म्हणायचीच. पण आता वहिनी हसायची.

“आज वीख किती घातलंस?”

“चमचोभर, आई.”

पहिला घास वहिनी स्वतः खायची, मग आई जेवायची.

पुढे आई विष विसरली. मग माझं नाव. मग स्वतःचं. शेवटची वर्षं वहिनीने तिला लेकरासारखं सांभाळलं.

लोक विचारतात, तुमच्या त्या रसायनाने माणूस बरा होतो का?

नाही. फक्त कळतं.

आमच्या घराला तेवढं पुरलं.

आज दुपारी भेटायला माणसं येताहेत. वहिनी आत गाढ झोपलीय, कित्येक वर्षांनी. दादा फाटकापाशी खुर्ची टाकून बसलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला हळू बोलायला सांगतोय.

आई, तू सुटलीस. आम्हीही. रडू येतंय, पण छाती हलकी आहे.

इथलं सगळं नीट आहे. सुखाने जा.